नैरोबी की अदिस अबाबा? एकाच राजधानीत थांबायचं असेल तर

पूर्व आफ्रिकेची सहल ठरली की मुंबईहून निघणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. केनियाच्या विमानाने थेट नैरोबी गाठायचं, नाहीतर इथिओपियाच्या विमानाने अदिस अबाबाला उतरून पुढे जायचं. बहुतेक जण भाडं बघतात आणि मोकळे होतात. त्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. पण शहर कसं वसलं, कुणी वसवलं, कुणाला टेकडीवर जागा मिळाली आणि कुणाला ओढ्याकाठी, हे बघण्यात ज्यांना सिंह-जिराफांइतकाच रस आहे आणि हातात मोजकेच दिवस आहेत, त्यांना हा प्रश्न खरोखर पडतो. मलाही पडला होता.

दोन्ही शहरं तशी समवयस्क. अदिस १८८६ चं, नैरोबी १८९९ चं. दोन्ही उंचावर, त्यामुळे विषुववृत्ताच्या आसपास असूनही संध्याकाळी स्वेटर लागतो. दोन्हीकडे अलीकडे चिनी पैशातून आणि चिनी कंपन्यांकडून रेल्वे आणि रस्ते झाले. हवामान, व्हिसा, हॉटेलांचे दर वगैरे माहिती कुठेही मिळते, ती इथे देत नाही.

नैरोबीच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे या शहराच्या जन्मापाशी आपली माणसं उभी आहेत. मे १८९९ मध्ये मोंबासाहून टाकत आणलेले रूळ एका दलदलीच्या माळापाशी पोचले. पुढे रिफ्ट व्हॅलीचा अवघड चढउतार होता, आणि त्याआधी सामान साठवायला, इंजिनं दुरुस्त करायला सपाट जागा हवी होती. नैरोबी वसलं ते एवढ्याशा कारणाने. पाण्याचा निचरा होत नाही, जागा रोगट आहे, अशी कुरकुर डॉक्टर मंडळी सुरुवातीपासून करत होती. पण रेल्वे इथे होती, म्हणून १९०५ साली मोंबासाहून कारभारही इथे आला. ही रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. जुन्या स्थानकाजवळचं रेल्वे म्युझियम त्यासाठी जरूर बघावं. १९०० साली ज्या डब्यात शिरून सिंहाने रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं, तो डबा तिथे आहे आणि पोरंटोरं तोच बघायला धावतात. मी मात्र जास्त वेळ रेंगाळलो तो जुन्या फोटोंपाशी.

आपली माणसं म्हटलं तरी जरा हात आखडता घ्यायला हवा. ते मजूर बहुतेक पंजाबातले. मजूर पुरवण्याचा ठेका कराचीत जन्मलेल्या अलीभाई मुल्ला जीवनजी या बोहरा व्यापाऱ्याकडे होता. त्याच्या नावाची बाग शहराच्या मध्यात अजून आहे. १९९१ मध्ये ती बाग बांधकामाच्या घशात जायची वेळ आली, तेव्हा त्याच्याच नातीने, झरीना पटेल यांनी, मोहीम उभारून ती वाचवली. मराठी वाचकाला खरी ओळखीची खूण सापडते ती गोवेकरांत. १९०२ च्या प्लेगमध्ये इंडियन बझार जाळून टाकला गेला. तो प्लेग ओळखणारे डॉक्टर रोझेंदो रिबेरो गोव्याचे. झेब्र्यावर बसून रोगी बघायला जात, आणि त्यांचा तसा फोटोही आहे. रेल्वेतले कारकून, खानसामे, शिंपी असे गोवेकर इतके होते की त्यांचे क्लब निघाले. बाबूंचा क्लब वेगळा, शिंप्यांचा वेगळा. बोटीतून काय काय नेलं होतं ते यावरून समजावं.

आणि पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, शिक्षण गोव्यात आणि धारवाडला, काही काळ मुंबईत पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यात नोकरी. गोवामुक्तीच्या कामात पडला, पोर्तुगीज मागे लागले, तेव्हा परत केनियात गेला आणि तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला. ब्रिटिशांनी डांबून ठेवलं. स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षातच, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्याला त्याच्याच घराच्या फाटकात गोळ्या घातल्या. त्याचा मित्र जोसेफ मुरुंबी, वडील गोवेकर आणि आई मासाई, १९६६ मध्ये देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि काही महिन्यांत पायउतारही झाला. मुरुंबीने जमवलेली पुस्तकं, कागद आणि कलावस्तू आज केनियाच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये बघायला मिळतात. दोघेही सिटी पार्कला पुरलेले आहेत, मुरुंबीच्या इच्छेप्रमाणे जवळजवळ. इतका जवळचा धागा अदिसमध्ये मला सापडला नाही. तिथे मोहम्मदअली या भारतीय कंपनीची मोठी दुकानं होती, बादशहांच्या काळात शाळांमधून भारतीय मास्तर होते, त्यांत केरळचे पुष्कळ. १९४१ मध्ये इटलीला हुसकावताना केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीही लढली, पण केरेन आज इरिट्रियात आहे, अदिसपासून फार दूर.

शिवाय नैरोबीत इंग्रजी चालतं. पाट्या वाचता येतात, टॅक्सीवाल्याशी गप्पा मारता येतात, जुन्या वर्तमानपत्रांची पानं चाळता येतात. तेव्हा कागदावर मांडलं तर नैरोबी सहज जिंकायला हवं, आणि माझं आधीचं मतही तेच होतं.

मला अडवलं ते एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीने. नैरोबीत मला चालता आलं नाही.

म्हणजे भर दुपारी शहराच्या मधल्या चौकटीत येतं. मोई अॅव्हेन्यू, टॉम म्बोयाचा पुतळा, अर्काइव्ह्ज, जीवनजी गार्डन्स, पूर्वीची बझार स्ट्रीट आणि आताची बियाशारा स्ट्रीट, केआयसीसी या संमेलन केंद्राच्या इमारतीची गच्ची, हे सगळं पायी होतं, आणि त्या गच्चीवरून शहर दिसतं ते फार छान. पण चौकटीबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की पंचाईत. मी उतरलो होतो त्या जागेच्या फाटकावरचा रखवालदार रोज तीच विनवणी करायचा, की साहेब, चालत नको, गाडी बोलवा. समोरच्या टेकडीवरची इमारत दिसते, तिच्यावरच्या पाटीची अक्षरं दिसतात, तरी गाडी. गाडी येते, फाटक उघडतं, गाडीखाली आरसा फिरतो, मग गर्दीत तास जातो, मग दुसरं फाटक, पुन्हा आरसा, बॅग तपासणी. नॅशनल म्युझियम शहराच्या मध्यापासून खरं म्हणजे जवळ, पण मधले रस्ते असे की पायी माणसाने कुठून जावं याचा विचारच कुणी केलेला नाही असं वाटतं. एका दिवसात दोन ठिकाणं झाली तर नशीब. संध्याकाळी खोलीवर येऊन आठवायला बसलो की ठिकाणं आठवायची, त्यांच्यामधलं शहर आठवायचं नाही, कारण ते मी काचेतून पाहिलेलं असायचं. अमेरिकी वकिलातीवरच्या १९९८ च्या बॉम्बस्फोटानंतर आणि पुढच्या हल्ल्यांनंतर फाटकं आली हे मान्य, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण चिडचिड व्हायची ती झालीच.

मजा अशी, की ही चिडचिड म्हणजेच नैरोबीचा इतिहास आहे. आरोग्याचं कारण पुढे करून शहराचे वंशावर तुकडे करावेत अशी शिफारस १९१३ मध्ये प्रोफेसर सिम्पसन यांच्या अहवालाने केली. पश्चिमेच्या थंड, झाडीच्या टेकड्या गोऱ्यांना. उत्तरेला न्गारा, पार्कलँड्सकडे हिंदुस्थानी. पूर्वेच्या सपाट, चिकण मातीच्या भागात आफ्रिकन मजूर, तेही गळ्यात किपांडे, म्हणजे सक्तीचं ओळखपत्र, अडकवून, कारण शहरात ते कामापुरतेच पाहुणे मानलेले. हे तुकडे मोटारीने जोडायचे होते, पायांनी जोडले जाऊ नयेत अशीच योजना होती. १९४८ चा मास्टर प्लॅन भाषा बदलून आला, पण नकाशा फारसा हलला नाही. एप्रिल १९५४ मध्ये ऑपरेशन अॅन्व्हिलच्या वेळी ब्रिटिशांनी शहर वेढून किकुयू जमातीच्या माणसांना माउ माउ बंडाच्या संशयावरून हजारोंनी उचललं, ते या विभागणीमुळे सोपं गेलं असणार. स्वातंत्र्यानंतर टेकड्यांवरच्या घरांचे मालक बदलले, फाटकं तीच राहिली. २०२२ मध्ये शहराच्या डोक्यावरून २७ किलोमीटरचा टोल-रस्ता झाला. पैसे भरणारा वरून जातो आणि खाली मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, हॉर्न वाजवत उभ्या असतात. हे सगळं समजून घेणं रोचक आहे. पण ते गाडीत बसून समजून घ्यावं लागतं, आणि ते मला मानवलं नाही.

एक बाजू नैरोबीची सांगायलाच हवी. हे शहर आपल्या मोकळ्या जागांसाठी भांडतं. १९८९ मध्ये उहुरू पार्कात साठ मजली मनोरा उठणार होता, तो पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी अडवला. दहा वर्षांनी करुरा जंगलासाठी त्या पुन्हा उभ्या राहिल्या, मारही खाल्ला. आज करुरात तिकीट काढून निर्धास्त चालता येतं. त्यांच्या लढ्याचा इतिहास पायाखाली घेत चालता येतं असं नैरोबीतलं ते एकच ठिकाण मला भेटलं.

आता अदिस. हे शहर कुणा परक्याच्या सोयीसाठी वसलं नाही, हा फरक आधी डोक्यात येतो आणि मग पायांना जाणवतो. शेवा प्रांताचा राजा मेनेलिक एंटोटोच्या डोंगरावर राहत होता. संरक्षणाला जागा झकास, पण वारा आणि थंडी भयंकर, आणि सरपण संपत आलेलं. राणी तायतू खाली गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी उतरली, तिला जागा आवडली, तिथे घर बांधलं, आणि १८८६ पासून दरबारही हळूहळू तिच्यामागे खाली आला. राजवाड्याभोवती सरदारांना जागा नेमून दिल्या. प्रत्येकाने आपलं सैन्य, नोकर, गुलाम, घोडे घेऊन तळ ठोकला. अशा तळाला सेफर म्हणतात, आणि तो बहुधा त्या सरदाराच्या नावाने ओळखला जाई. पुण्याच्या पेठा आणि त्यांतले वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. मालकाच्या दगडी घराला लागून त्याच्या आश्रितांच्या मातीच्या झोपड्या, त्यामुळे श्रीमंत-गरीब एकाच गल्लीत. शहर अस्ताव्यस्त वाढलं, गटारांचा पत्ता नव्हता, पण वंशाची भिंत घालून वाढलं नाही. ती भिंत घालायचा प्रयत्न पुढे इटालियनांनी केला. १९३६ ते ४१ या पाच वर्षांत त्यांनी देशी लोकांचा बाजार पश्चिमेला नेला, तोच आजचा अवाढव्य मेरकाटो. बाकी आराखडा कागदावरच राहिला.

सरपणाचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. शतक संपता संपता लाकूडफाटा इतका दुर्मीळ झाला की मेनेलिक राजधानी अदिस आलेमला हलवायच्या बेतात होता. तोवर ऑस्ट्रेलियातून आणलेल्या निलगिरीने जीव धरला. भराभर वाढणारं झाड, तोडलं तरी फुटणारं. राजधानी टिकली ती बऱ्याच अंशी या झाडामुळे. अजूनही एंटोटोच्या उतारावरून बायका निलगिरीच्या फांद्यांचे भारे पाठीवर घेऊन उतरताना दिसतात. निलगिरीने जमिनीतलं पाणी शोषलं अशी टीका होते, ती बरोबरच असेल, पण तिच्याशिवाय हे शहर आज इथे असतं का, हा प्रश्न उरतोच.

माझा कल कुठे आहे ते आता उघडच झालं. अदिस मी पायी पाहिलं, आणि उतरत पाहिलं. टॅक्सीने एंटोटो गाठायचं. मेनेलिकचा जुना वाडा आणि १८८९ मध्ये जिथे त्याचा राज्याभिषेक झाला ते एंटोटो मरियम देऊळ बघायचं आणि खाली चालू पडायचं. शिरो मेडाला विणकरांची दुकानं, पांढऱ्या सुती शाली. पुढे सिदिस्त किलोचा चौक. तिथला स्तंभ १९ फेब्रुवारी १९३७ चा. त्या दिवशी इटलीचा इथला कारभारी ग्राझियानी याच्यावर बॉम्ब फेकले गेले आणि मग तीन दिवस इटालियनांनी शहरात दिसेल त्याला मारलं. इथिओपियाच्या हिशेबाने ३० हजार माणसं गेली. चौकाला लागूनच विद्यापीठ, म्हणजे बादशहा हैले सेलासीचा जुना राजवाडा. त्याच्या पुढ्यात एक जिना आहे. मुसोलिनीच्या सत्तेच्या दर वर्षाला एक पायरी, असा फॅसिस्टांनी बांधलेला, वर कुठेच न पोचणारा. नंतर इथिओपियनांनी वरच्या पायरीवर आपला सिंह बसवला. जिना पाडून टाकणं सोपं होतं. तो ठेवला, हे मला फार आवडलं.

आणखी खाली अराट किलो. ५ मे १९४१ रोजी बादशहा परत आला त्याची खूण चौकात, आणि जवळच त्रिनिती कॅथीड्रलमध्ये त्याचं थडगं. त्याच उताराने पुढे १९६१ चा आफ्रिका हॉल. मे १९६३ मध्ये आफ्रिकेतले राष्ट्रप्रमुख इथे जमले आणि आफ्रिकी एकता संघटना जन्मली. आत अफेवर्क तेक्ले यांची रंगीत काचेची भव्य चित्रं. पुढे मेस्केल चौक. १९७७ मध्ये याच चौकात लष्करी हुकूमशहा मेंगिस्टूने रक्ताने भरलेल्या बाटल्या फोडून लाल दहशतीची हाक दिली, आणि आज त्याच्याच कडेला त्या बळींचं संग्रहालय आहे. आत हाडं आणि कपडे ठेवलेत, मन घट्ट करून जा. तिथून १९१७ मध्ये जिबुतीहून पोचलेल्या रेल्वेचं जुनं स्थानक लांब नाही. म्हणजे शहर जसं वर्षावर्षाने दक्षिणेकडे, उताराकडे सरकत गेलं, जवळपास त्याच क्रमाने तुम्ही उतरता. नैरोबीत उंची म्हणजे रंग होता. अदिसमध्ये उंची म्हणजे काळ. दम लागतो, कारण हवा विरळ, पण उताराला लागलेलं असल्यामुळे निभतं. आणि कुठेही थकलात की कॉफी.

अदिसच्या तक्रारी कमी नाहीत. संग्रहालयांतल्या पाट्या तोकड्या, कधी अम्हारिकमध्येच. राजवाडे आणि सरकारी इमारतींपाशी फोन वर केला तरी शिपाई धावतो, या बाबतीत दोन्ही शहरं सारखीच. पिआसा या जुन्या बाजारपेठेत पाकीटमार आहेत. २०१५ मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेल्या लाइट रेलचे बरेच डबे बंद पडलेत, तिच्या भरवशावर बेत आखू नका. राजधानीबाहेर देशाच्या काही भागांत अशांतता असते, त्याची ताजी माहिती सरकारी सूचनांत बघूनच पुढचा प्रवास ठरवावा.

आणि मोठी तक्रार म्हणजे टिनाचे पत्रे. २०२४ पासून रस्ते रुंद करण्याच्या नावाखाली पिआसाचे मोठे तुकडे पाडले गेले, नंतर काझानचिसचेही. जुन्या लाकडी सज्ज्यांच्या, अर्मेनियन, ग्रीक, हिंदुस्थानी हातांच्या खुणा असलेल्या घरांच्या जागी आधी पत्र्यांच्या भिंती, मग पदपथ, दिवे, कारंजी. नवे पदपथ चालायला उत्तम आहेत हे कबूल करायला जड जातं, पण आहेत. सेंट जॉर्ज कॅथीड्रल आणि मेनेलिकचा अश्वारूढ पुतळा जागेवर आहे, शेजारी इटलीवरच्या अडवाच्या विजयाचं प्रचंड नवं स्मारक २०२४ मध्येच उघडलं. पण ज्या सेफरांमुळे हे शहर वेगळं होतं, त्यांतली माणसं दूरच्या वसाहतींत गेली. मध्ये दुकानं, टोकाला गरीब, हा नकाशा नैरोबीला परका नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग अदिस कशाला? मला वाटतं, याच कारणाने आधी अदिस. नैरोबीची विभागणी शंभर वर्षं टिकली आहे आणि अर्काइव्ह्जमधले कागदही कुठे जात नाहीत. तुमच्या घराण्यातलं कुणी आफ्रिकेत गेलेलं असेल, गोव्याचं नातं असेल, किंवा बरोबर लहान मुलं, म्हातारी माणसं असतील आणि चढउताराचं चालणं जमणार नसेल, तर मात्र बिनदिक्कत नैरोबी घ्या. तिथल्या गाडीच्या खर्चाला आणि वेळेला मनाची तयारी ठेवा, आणि सिटी पार्कची चक्कर एखाद्या ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबरच करा. आयुष्यभर मांसाहार न केलेल्यांना दोन्हीकडे अडचण नाही. नैरोबीत गुजराती ताट मिळतं, चपाती तर तिथल्या लोकांचीच झाली आहे. अदिसमध्ये बुधवार-शुक्रवार उपवासाचे, त्या दिवशी इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पोळीवर, डाळी-भाज्यांचं बेयायनेतू जवळपास कुठेही मिळतं.

अदिस ठरवलंत तर वाटाड्याशी वेळ बोलताना एक काळजी घ्या. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, तेव्हा त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. कुठल्या घड्याळाने, ते आधी विचारा. आणि एंटोटोवर सकाळीच पोचा, कारण पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, दुपारनंतर तो उतार निसरडा होतो.